जिन्यावरचे बेडूक

मला बेडकांची भीती वाटते हे लग्न होईपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. माझं माहेर सांगोल्याकडचं. तिथं विहिरीच्या तळाशी चार-दोन बेडूक असायचे, तेही उन्हाळ्यात कुठं गडप व्हायचे कोण जाणे. लहानपणी एकदा रांजणात तांब्याऐवजी मी हातच घातला आणि काहीतरी गार, मऊ, जिवंत माझ्या मनगटावर चढलं. एवढंच. चावलं नाही, काही नाही. पण तेव्हापासून बेडूक म्हटलं की माझ्या अंगावर शहारा येतो आणि तो लवकर जात नाही.

नवऱ्याला आगरदांड्याला फेरीबोटीवर इंजिनाचं काम मिळालं. आठवडाभर तो तिकडेच राहणार, सुट्टीला घरी येणार. आम्ही मात्र अलिबागला फ्लॅट घेतला, कारण सासऱ्यांसाठी डॉक्टर जवळ हवे होते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. सगळं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलेला माणूस. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलण्यात एकच शब्द शिल्लक राहिला, "चल." भूक लागली, चल. पंखा बंद कर, चल. टीव्हीवरचं आवडलं नाही, तरी चल. सुरावरून ओळखायचं. मी घरी ब्लाउज शिवायची, मशीन त्यांच्या कॉटशेजारीच होतं, त्यामुळे दिवसभरात माझा कान त्या एका शब्दाला चांगलाच तयार झाला होता.

आम्ही राहायला आलो ते मार्चमध्ये. तळमजल्याचा फ्लॅट. पुढच्या बाजूला रस्ता, चिकनचं दुकान, मोबाईलचं दुकान, डोळ्यांचा दवाखाना. मागच्या खिडकीतून मोकळी जमीन दिसायची. गुरं चरत होती, मुलं क्रिकेट खेळत होती. मला ते मैदान वाटलं. ते भातशेत होतं. तीन बाजूंनी भराव टाकून इमारती उठल्या होत्या आणि मधे हे शेत वाडग्यासारखं खाली राहिलं होतं. चौथ्या बाजूला लांब मातीचा बांध, आणि बांधापलीकडे खाडी.

जुलैत लावणी झाली आणि संध्याकाळी ते सुरू झाले. एक आवाज करवत चालल्यासारखा. एक बंद पडलेली मोटारसायकल कुणीतरी पुन्हापुन्हा किक मारून चालू करतंय असा. त्या सगळ्यांच्या वर बारीक, एकसारखी टिकटिक, जणू हजार माणसं मुठीतले खडे वाजवतायत. बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागे. मी खिडक्या लावून घ्यायची. दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायची, मोरीच्या जाळीवर पाट ठेवून त्यावर पाण्यानं भरलेली बादली ठेवायची. मामा माझ्याकडे बघून "चल" म्हणायचे. त्यात हसू असायचं, ते मला कळायचं.

शेत होतं वरच्या मजल्यावरच्या काकींचं. आमची इमारतही त्यांच्याच जमिनीवर उभी राहिलेली, बदल्यात त्यांना दोन फ्लॅट मिळालेले. मुलांचे डंपर होते, त्यांना शेतीत रस नव्हता. काकी मात्र साठी उलटून गेली तरी बायका बोलावून लावणी करायच्या, स्वतः चिखलात उतरायच्या. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी मला सांगून टाकलं, "बेडूक हायत म्हंजे दिवड बी येनार. घाबरू नको, इख नसतंय तिला." पाणसापाच्या नुसत्या विचारानं मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन विचारलं, "काकी, शेतात काही औषध वगैरे मारता येईल का?" त्या चुलीपुढून उठल्यासारख्या गॅसपुढून उठल्या. "आन् मंग खायाचं काय? तुजे ब्लाउज?" त्यानंतर आमचं बोलणं जवळजवळ बंदच झालं. जिन्यात भेटलो तर त्या भिंतीकडे बघायच्या, मी मोबाईलकडे.

ही सगळी मागची गोष्ट. जे घडलं ते तिसऱ्या पावसाळ्यात, पिठोरी अमावास्येला.

त्या सकाळी मला जाग आली आणि काहीतरी चुकलंय असं वाटलं. आधी वाटलं, मामांचा श्वास. पटकन उठून बघितलं. ते जागे होते, डोळे खिडकीकडे. पाऊस थांबला होता, आभाळ खाली आलं होतं. अशा हवेत बेडूक सकाळीही ओरडत असतात. एकही ओरडत नव्हता. चिकनच्या दुकानातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या, रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता, आणि मागच्या बाजूला काहीच नाही. तीन वर्षं मी याच शांततेसाठी कानात कापूस घालत होते. आता ती मिळाली, तर मी कान देऊन एखादा तरी आवाज शोधत उभी राहिले.

खिडकी उघडून बघितलं. भात गुडघ्याच्या वर गेलेलं, हिरवंगार. पाणी नेहमीपेक्षा जरा जास्त आणि गढूळ. दुसरं काही नाही.

मी नवऱ्याला फोन लावला. वाऱ्यामुळे त्याचा आवाज तुटत होता. "आज फेरी बंद आहे. समुद्र खवळलाय. उधाणही मोठं आहे, दुपारी भरती येईल." मी म्हटलं, "बेडूक ओरडत नाहीयेत." तो हसला. "मग चांगलंच की. झोप काढ."

मी मामांना चहा पाजला, तोंड पुसलं. कचरा बाहेर ठेवायला दार उघडलं आणि तिथंच थिजले.

पायऱ्यांवर बेडूक बसले होते. इमारतीच्या दारापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत, जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर, मीटरच्या पेटीखाली. मोठे पिवळे, लहान तपकिरी, नखाएवढी पिल्लं. एकमेकांच्या अंगावर चढून बसलेले. कुणी उडी मारत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. फक्त गळ्याखालची कातडी हलत होती. मी दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. "चल?" आतून मामांनी विचारलं.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. दार किलकिलं केलं, काकी होत्या. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतलेला, हातात फावडं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या दारात आल्या होत्या. पायानं बेडूक बाजूला सारत म्हणाल्या, "रातच्या भरतीला खारं पानी शिरलंय आत. बांद झिरपतोय. चाखून आयलंय मी, खारट हाय."

"म्हणून हे...?"

"खाऱ्या पान्यात जगत न्हाय तो. पलून आयलेत सगले." मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आत कॉटकडे बघितलं. "दुपारची भरती मोटी हाय. तुज्या सासऱ्याला वर माज्याकडं घे."

"कसं घेऊ काकी? दोन वर्षांत ते कॉटच्या खाली उतरले नाहीत. दुसरं कोणी आहे का घरात?"

"कोन न्हाय. पोरं खदानीवर गेलीत, फोन लागत न्हाय. मी बांदावर जाऊन येतय. तवर तू काय ते बांदून-बिंदून ठेव." आणि त्या गेल्या.

मी काहीच बांधलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी कॉटवर मामांच्या पायाशी बसून राहिले. एकदा वाटे, काकी उगाच घाबरवतायत. एकदा वाटे, आत्ता या क्षणी उठायला हवं. वीज गेली होती. समोरच्या इमारतीत फोन करून मदत मागावी म्हटलं, तर कुणाचा नंबर नव्हता. तीन वर्षांत एकाचाही नाही. दार उघडायची माझी हिंमत होत नव्हती, कारण दारापलीकडे ते बसले होते. पाण्याची भीती आणि त्यांची भीती अशा दोन्हींच्या मधे मी अडकले होते. मामांनी डावा हात लांब करून माझी ओढणी धरली. त्यांनाही कळलं होतं. ते "चल" म्हणाले नाहीत.

दुपारी बांधाकडून एक आवाज आला. मोठा नव्हता. ताडपत्री जमिनीवरून ओढत नेल्यासारखा, पण लांबलचक. मग माणसांचा ओरडा, "खांड गेली! खांड गेली रे!" बांधाला भगदाड पडलं की इकडे खांड गेली म्हणतात, हे मला माहीत होतं. ते असं ओरडून सांगायचं असतं, हे माहीत नव्हतं.

मी खिडकीशी गेले. शेताच्या पलीकडच्या टोकाला भात आडवं होत होतं. वाऱ्यानं होतं तसं नाही. एकदा झुकलं की परत उठत नव्हतं. ती झुकण्याची रेघ आमच्याकडे येत होती, फार घाई न करता. रेघेच्या मागे हिरवं काही नव्हतं, नुसतं राखाडी पाणी.

त्याच वेळी मोरीतली बादली पाटासकट उलटली. जाळीतून पाणी वर येत होतं, काळं, फेसाळ, आणि त्याबरोबर बेडूक. एक उडी मारून थेट मशीनच्या पायट्यावर बसला. मी किंचाळले. किंचाळून झाल्यावर मात्र माझे हातपाय चालायला लागले.

प्लास्टिकची खुर्ची ओढली. मामांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं, कसं उचललं माहीत नाही, रोज कूस बदलतानासुद्धा माझी कंबर धरते. गिऱ्हाइकाची फॉल लावायला आलेली साडी समोर होती, तिनंच त्यांना खुर्चीला बांधलं. छातीवरून एक वेढा, मांड्यांवरून एक. तोवर घरात घोट्याएवढं पाणी झालं होतं. दार उघडलं तर ते बाहेरूनही आत आलं. खुर्ची ओढत मी जिन्यापर्यंत आणली आणि थांबले. वर एकटीनं कशी नेणार?

"धर मागून!" काकी पाण्यातून येत होत्या. कमरेपर्यंत चिखल, कागद उडून गेलेला, फावडं नाही. त्यांनी पुढचे दोन पाय धरले आणि पाठमोऱ्या वर चढायला लागल्या. मी मागून खुर्चीची पाठ धरली.

जिना बेडकांनी भरला होता. सकाळी खालच्या पायऱ्यांवर होते ते आता वरच्या वळणापर्यंत चढले होते. काकी टाचेनं त्यांना ढकलत होत्या, तरी ते पुन्हा पायाखाली येत होते. माझ्या पायात चप्पल नव्हती. प्रत्येक पायरीवर तळव्याला ते लागत होते. गार, मऊ, आणि मग निसटायचे. मी डोळे मिटले तर काकी ओरडल्या, "डोले उघड! पडशील!"

"चल," मामा म्हणाले. "चल, चल, चल." सूर ओळखायला मी इतकी पटाईत, पण त्या क्षणी मला कळेना की ते "जा" म्हणतायत की "थांब" म्हणतायत. त्यांचं डोकं एका बाजूला कललं होतं आणि लाळ माझ्या हातावर पडत होती.

वळणापाशी माझ्या पायाखाली काहीतरी फुटलं. मी पाय झटकला आणि हात सुटला. खुर्ची माझ्या अंगावर कलली. मामांचा सगळा भार माझ्या छातीवर आला, माझ्या मागे खाली पाणी होतं. त्या अर्ध्या क्षणात मी निश्चित धरून चालले होते की आम्ही दोघं गेलो. काकींनी खुर्चीचे पाय सोडले नाहीत. खांदा भिंतीला लावून त्यांनी सगळं वजन तोलून धरलं. त्यांचा दंड भिंतीच्या खडबडीत प्लास्टरवर घासून सालटं निघालं, ते मला दिसलं. "धर," त्या दातओठ खाऊन म्हणाल्या. "धर गो बाय, माझ्यानं न्हाय व्हायचं एकटीनं."

मी धरलं. उरलेला जिना कसा चढलो ते मला आठवत नाही.

काकींच्या घरात पिठोरीची तयारी मांडलेली होती. पाटावर भिजवलेल्या कणकेचे दिवे, वाटीत खीर. आम्ही मामांना सोफ्यावर आडवं केलं. त्यांचं अंग थडथडत होतं. काकींनी दार लावून फटीत पोतं कोंबलं आणि मग हॉलच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली शेत नव्हतंच. इमारतींच्या मधोमध खाडी येऊन बसली होती. त्यात कुणाची तरी स्कूटर आडवी, कुंड्या, आणि भाताच्या काड्यांचे पुंजके तरंगत होते.

माझी भीती जिना चढून संपली नव्हती. भरावावर बांधलेली इमारत. खालची माती निघून गेली तर? भिंतीत कुठं कट्ट झालं की मी दचकायची. फोनची बॅटरी संपली होती. आणखी किती चढणार? काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वहाटी लागली की उतरंल." वहाटी म्हणजे ओहोटी. कधी लागेल ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या रडल्या नाहीत. एवढंच बोलल्या, "तीन वर्सं तरी पिकनार न्हाय आता. मीठ बसतंय मातीत." मग आत गेल्या, दंडाला हळद लावली, दिवे लावले, पूजा केली. खिरीची वाटी घेऊन मामांपाशी बसल्या. मामा माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नसत. नवऱ्यालाही तोंड मिटून दाखवत. काकींच्या हातची मात्र सगळी वाटी त्यांनी खाल्ली आणि डाव्या हातानं त्यांच्या सालटं निघालेल्या दंडाकडे बोट केलं. "चल," ते म्हणाले. काकींनी माझ्याकडे बघितलं, "काय म्हनतोय हा?"

"दुखतंय का विचारतायत."

तेव्हा काकींच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. खाली गेले तेव्हा घरभर बोटभर चिकट गाळ होता. भिंतीवर कॉटच्या वर ओली रेघ उमटली होती. मामा तिथं असते तर त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं असतं. कोपऱ्याकोपऱ्यांत मेलेले बेडूक होते, पांढरी पोटं वर करून. मीच ते सुपलीत भरले. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती, तरी पहिल्या सुपलीला ओकारी आली. नंतर येईनाशी झाली. बाहेर शेजारच्या इमारतीतली माणसं एकमेकांना टॉर्च दाखवत नावं विचारत होती.

नवरा दुसऱ्या दिवशी पोहोचला. भिंतीवरची ती रेघ त्यानं कॉटपासून हातानं मोजली. दसऱ्यापर्यंत आम्ही तिघं काकींच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये राहिलो. शिलाई मशीन गंजून गेलं. मामा त्या हिवाळ्यात वारले, झोपेत, कोरड्या गादीवर. काकींनी त्यांच्यासाठी सुतक पाळलं, कुणी सांगितलं नसताना.

बांध पुन्हा घातला गेला. शेत उन्हाळ्यात पांढरं पडलं, चालताना पापुद्रे मोडायचे. मुलं म्हणत होती, भराव टाकू, डंपर घरचेच आहेत. काकी ऐकत नाहीत. पुढचा पावसाळा मागच्या बाजूला एकही आवाज न होता गेला, आणि मी एकही रात्र सलग झोपले नाही. बेडकांच्या गोंगाटात मला भीती वाटायची, पण त्या भीतीत झोप तरी लागायची. आता शांततेत मी उठून बसायची, उठून मोरी बघायची, पायरीवर टॉर्च मारायची. अमावास्या आणि पौर्णिमेला तर नवऱ्याला आगरदांड्याहून फोन करायला लावायची की भरती किती वाजता आहे. तो कंटाळून करायचा, पण करायचा.

यंदा फेब्रुवारीत आम्ही फ्लॅट विकायचं ठरवलं. डोंबिवलीहून एक जोडपं बघायला आलं. बाईंना मागची खिडकी आवडली. "किती मोकळं आहे हो," त्या म्हणाल्या. "मुंबईत असं मिळत नाही. पावसात काही त्रास?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप खाली ठेवले आणि त्यांना बसायला सांगितलं. सगळं सांगितलं. खांड, मोरी, कॉट, जिना. भिंतीला नवा रंग दिला होता, त्याखाली ती रेघ कुठं आहे ते हात लावून दाखवलं. बाई मधेच आपल्या नवऱ्याच्या जवळ सरकल्या. चहा अर्धवट ठेवून ते गेले.

दार लावून नवरा आत आला. चिडेल असं वाटलं होतं. तो खुर्चीत बसला, त्यांचा उरलेला चहा बघत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी मी बोलतो."

"काय बोलशील?"

त्यानं दोन्ही कप उचलले. "हेच," तो म्हणाला. "पण जरा कमी घाबरवून."